अडकणारी रायफल आणि पुंगळीची साक्ष

वापरलेली अर्धस्वयंचलित रायफल विकत घेणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: "तीन-चार फैरी नीट जातात आणि मग अडकते." त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले. कुणी एक्स्ट्रॅक्टर बदलायला सांगतो, कुणी दुसरी काडतुसे आणायला, कुणी तेल घालायला. अमेरिकेत जुन्या रायफलींचा बाजार मोठा आणि सुटे भाग टपालाने घरी येतात. त्यामुळे आधी भाग बदलायचा आणि मग विचार करायचा, असा तिथे रिवाजच पडला आहे. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली रायफल अशा भागांपायी नव्याच्या भावात पडते, आणि अडकायची ती अडकतेच.

हे सल्ले चुकीचे असतात असे नाही. पण रायफलीच्या बाबतीत एकाच लक्षणामागे दोन अगदी उलट कारणे असू शकतात, हे त्यांत धरलेले नसते. जोर कमी पडला तरी चेंबर रिकामे राहते आणि जोर जास्त झाला तरी रिकामेच राहते. लक्षण पाहून औषध दिले, तर बरे होण्याची शक्यता जेवढी तेवढीच बिघडण्याचीही. म्हणून या प्रश्नात पहिले काम पुरावा गोळा करण्याचे, आणि सगळ्यांत बोलका पुरावा म्हणजे जमिनीवर पडलेली रिकामी पुंगळी.

एका फैरीचे आठ टप्पे

मॅगझिनमधले काडतूस पुढे ढकलले जाते, चेंबरमध्ये बसते, बोल्ट त्याच्यामागे येऊन कुलूपबंद होतो, फैर झडते, कुलूप सुटते, एक्स्ट्रॅक्टरचा आकडा पुंगळीची कड धरून तिला बाहेर ओढतो, इजेक्टर तिला खिडकीतून भिरकावतो आणि बोल्ट मागे जाता जाता हॅमर पुन्हा ताणून ठेवतो. हे आठही टप्पे डोळ्याचे पाते लवायच्या आत उरकतात. त्यामुळे 'अडकली' या एका शब्दाने काहीच कळत नाही. कोणत्या टप्प्यावर अडकली, हे आधी ठरवावे लागते.

या फेऱ्याला लागणारी ताकद दोन मार्गांनी मिळते. .२२ सारख्या हलक्या काडतुसांच्या रायफलीत बोल्टला कुलूपच नसते. त्याचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच तो पुंगळीचा धक्का सोसतो आणि मागे जातो. १९६४ साली बाजारात आलेली रुगर १०/२२ याच जातीची. जोरदार काडतुसांच्या रायफलीत नळीला बारीक भोक पाडून थोडा वायू घेतला जातो. गरँड, एसकेएस किंवा एसएलआरमध्ये तो वायू पिस्टनला ढकलतो. एआर-१५ मध्ये तो बारीक नळीतून थेट बोल्ट वाहणाऱ्या भागापर्यंत येतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. फैर झडताना दाबामुळे पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतींना घट्ट चिकटते, आणि दाब उतरला की किंचित आक्रसून मोकळी होते. ती मोकळी होण्याआधी बोल्टने ओढ घेतली की झगडा सुरू होतो. एक्स्ट्रॅक्टर कडेवरून निसटतो किंवा कडच फाडून नेतो.

जोर कमी की जास्त?

वायू कमी मिळाला तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही. पुंगळी अर्धवट बाहेर येते आणि खिडकीत उभी अडकते. किंवा ती जेमतेम बाहेर पडते, पण बोल्ट पुढच्या काडतुसाच्या मागे पोहोचतच नाही आणि रिकाम्या चेंबरवर बंद होतो. वायू जास्त मिळाला तर बोल्ट इतक्या वेगाने मागे जाऊन परत येतो की मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचे काडतूस वर उचलायला सवडच मिळत नाही. याही वेळी बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद होतो. वापरणाऱ्याला दोन्ही वेळा एकच अनुभव येतो: घोडा दाबला, नुसता टक् आवाज झाला.

दोन्हींतला फरक ओळखायला खर्च लागत नाही. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून फैर झाडायची. शेवटच्या फैरीनंतर बोल्ट मागे थांबण्याची सोय असलेल्या रायफलीत तो थांबला, तर जोर निदान पुरेसा आहे. ही चाचणी चार-पाच वेळा करायची, आणि तीही वेगवेगळ्या मॅगझिनांनी, कारण बोल्ट थांबवण्याचे काम मॅगझिनचा फॉलोअरच, म्हणजे काडतुसांना खालून वर रेटणारा तुकडाच करतो. दुसरी खूण म्हणजे पुंगळ्या पडण्याची दिशा. एआर-१५ वापरणारे नळीची दिशा बारा वाजता धरतात. तीन ते चारच्या सुमारास पुंगळ्यांचा ढीग पडत असेल तर ठीक. एक-दोनकडे, म्हणजे पुढे, जोरात उडत असतील तर वायू जास्त. पाचकडे मलूल पडत असतील तर कमी. मात्र ही खूण एकटी पुरी पडत नाही. इजेक्टरची स्प्रिंग थकली की दिशा बदलते, आणि बोल्टमागच्या बफरचे वजन बदलले तरी बदलते. म्हणून दिशा आणि शेवटच्या फैरीची चाचणी, दोन्ही साक्षी जुळल्याशिवाय निकाल देऊ नये.

या गोंधळाची सगळ्यांत महागडी किंमत व्हिएतनाममध्ये मोजली गेली. अमेरिकी सैन्याने एम-१६ रायफल हाती घेतली, आणि तिच्या काडतुसातली दारू बदलली. आधीच्या आयएमआर ४४७५ ऐवजी डब्ल्यूसी ८४६ ही गोल दाण्यांची दारू आली. गोळीचा वेग सांभाळला गेला. पण वायू घेण्याच्या भोकापाशी दाब वाढला, फेऱ्याचा वेग वाढला आणि काजळीही जास्त साचू लागली. चेंबरला क्रोमियमचा मुलामा नव्हता. पावसाळी हवेत त्यात गंज आणि खड्डे पडत. त्यात रायफलीला साफसफाई फारशी लागत नाही असा समज पसरलेला, आणि साफसफाईचे संच पुरेसे पोहोचलेलेच नव्हते. परिणामी पुंगळी चेंबरमध्ये रुतून बसू लागली. नळीतून सळई घालून ती ठोकून काढेपर्यंत शिपाई निःशस्त्र.

प्रकरण अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेले. इकॉर्ड उपसमितीचा अहवाल ऑक्टोबर १९६७ मध्ये आला आणि त्याने दारूतल्या बदलावर बोट ठेवले. अधिकारी शिपायांच्या साफसफाईला दोष देत होते, शिपाई रायफलीला देत होते. प्रत्यक्षात रायफल, दारू, चेंबर आणि देखभाल या चौघांचा मेळ बिघडला होता. क्रोमियमचे चेंबर, नवा बफर, साफसफाईचे संच आणि प्रशिक्षण हे सगळे उपाय एकत्र आले, तेव्हा तक्रारी ओसरल्या. जुनी रायफल हाती घेणाऱ्यासाठी यातला धडा असा: पुंगळी निघत नाही म्हटल्यावर सरळ एक्स्ट्रॅक्टरवर घसरू नये.

पुंगळी वाचताना

काहीही करण्याआधी एक शिस्त. मॅगझिन आधी काढायचे, मग बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचे आणि बोटानेही चाचपायचे. क्रम उलटा झाला तर बोल्ट बंद होताना मॅगझिनमधले नवे काडतूस चेंबरमध्ये जाते आणि रिकामी समजलेली रायफल भरलेली असते. घोडा दाबून फैर झडली नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचे. फैरीचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथेच थांबायचे. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि पुढची फैर नळी फोडते.

आता दहा-बारा पुंगळ्या, अडकलेल्या आणि सुटलेल्या वेगळ्या करून, उजेडात मांडाव्यात. कडेवर एका बाजूला ओरखडा आहे, पण कड शाबूत आहे? मग आकडा निसटतो आहे. स्प्रिंग थकली असेल, आकड्याची धार झिजली असेल किंवा त्याच्याखाली पितळेचा कीस साचला असेल. कड वाकलेली किंवा तुकडा उडालेला आहे? मग आकडा आपले काम करतो आहे आणि पुंगळीच सुटायला तयार नाही. चेंबर खडबडीत किंवा घाण आहे, नाहीतर बोल्ट वेळेआधी उघडतो आहे. अशा वेळी आणखी ताठ स्प्रिंग घातली तर कड जास्त फाटेल, एवढेच.

पुंगळीचे अंग बाहेरून एका बाजूला काळे पडले असेल तर दाब इतका कमी होता की पितळ चेंबरच्या भिंतींना नीट टेकलेच नाही. काडतूस हलके किंवा जुने आहे. अंगावर लांबट ओरखडे असतील तर चेंबरमध्ये खड्डे किंवा वाळू. तोंड चेपलेले असेल तर बाहेर पडताना खिडकीच्या काठावर आपटते आहे. इजेक्टर आणि त्याची स्प्रिंग पाहावी. अंगावर एकच ठोका मात्र एआर-१५ मध्ये नेहमीचा. खिडकीमागचा उंचवटा तिला वळवतो, त्याची ती खूण.

दोन खुणा दिसल्या की घरगुती तपासणी बंद. तळाच्या जरा वर अंगाभोवती चकचकीत वर्तुळ दिसले, तर पुंगळी तिथे ताणली जात आहे आणि पुढे-मागे दोन तुकडे होण्याची भीती आहे. बोल्ट आणि चेंबर यांतले अंतर मापकांनी तपासून घ्यायलाच हवे. आणि प्रायमर चपटा होऊन पसरला असेल, तळावर इजेक्टरच्या भोकाची चकाकी उमटली असेल, तर दाब धोक्याच्या बाजूला आहे. ती काडतुसे बाजूला ठेवावीत.

आधी मॅगझिन, मग काडतूस

कमी खर्चाच्या गोष्टी आधी तपासायच्या, या साध्या हिशेबाने मॅगझिन पहिले येते. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने क्रमांक घालावा आणि कोणत्या क्रमांकावर अडकली ते लिहीत जावे. सगळे दोष एकाच क्रमांकाच्या नावावर जमले, तर रायफलीला हात लावायचे कारण नाही. ओठ पसरलेले, स्प्रिंग मेलेली, फॉलोअर तिरका होणारा, असली मॅगझिने दुरुस्त करत बसण्यापेक्षा टाकून द्यावीत. अमेरिकी सैन्याने २००७ मध्ये चार कार्बाइनांची धुळीत चाचणी घेतली. प्रत्येक प्रकारच्या ६०,००० फैरींत एम-४ ८८२ वेळा अडकली, एचके-४१६ २३३ वेळा, स्कार २२६ वेळा आणि एक्सएम-८ १२७ वेळा. हे आकडे गाजले. मात्र एम-४ च्या अडकण्यातला चतुर्थांशाहून अधिक वाटा मॅगझिनचा होता, याची चर्चा फारशी झाली नाही. दोनच वर्षांनी सैन्याने नव्या फॉलोअरचे सुधारित मॅगझिन आणले.

काडतुसांत पितळी आणि पोलादी असा भेद आहे. पोलाद पितळेइतके लवकर आक्रसत नाही. एसकेएसच्या ७.६२ × ३९ काडतुसाचे अंग बरेच निमुळते असल्याने ते सहज सुटते. एआर-१५ च्या काडतुसाचे अंग सरळसोट, म्हणून तिथे पोलादी पुंगळी रुतण्याचा संभव जास्त. निदानासाठी चांगल्या नव्या पितळी काडतुसांचा एक डबा घ्यावा. त्यावर दोष नाहीसा झाला तर तपास तिथेच संपतो.

जातीप्रमाणे रोग

एम-१ गरँड अमेरिकी सैन्याने १९३६ मध्ये स्वीकारली. तिच्या ५० लाखांहून अधिक रायफली बनल्या आणि सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम ही संस्था त्यांतल्या उरलेल्या अजून नागरिकांना विकते. या रायफलीचा कणा म्हणजे पिस्टनपासून बोल्टपर्यंत जाणारा लांब, मुद्दाम वाकवलेला ऑपरेटिंग रॉड. तो कुठे लाकडाला घासत असेल तर जोर वाटेतच खर्ची पडतो. तपासणी सोपी आहे. रॉडची स्प्रिंग काढून रायफल पुन्हा जोडायची आणि नळी वर करून तिरकी धरायची. बोल्ट आपल्या वजनाने, कुठेही न अडखळता उघडला पाहिजे आणि नळी खाली केल्यावर तसाच बंद झाला पाहिजे. अडखळला तर लाकडावर चकाकलेली जागा शोधायची. रॉड मोकळा असूनही जोर कमी पडत असेल तर पिस्टनचा व्यास मोजावा. नवा ०.५२६ इंचांच्या आसपास असतो आणि ०.५२५ च्या खाली गेला की वायू बाजूने निसटतो. उलट बाजूचा धोकाही आहे. शिकारीची जड गोळी आणि सावकाश जळणारी दारू वापरली की वायूच्या भोकापाशी दाब वाढून रॉडच वाकतो.

एसकेएस बहुधा कोठारातून आलेली, म्हणजे कॉस्मोलीन या घट्ट ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेली. वरून पुसलेली दिसली तरी चेंबरमध्ये, वायूच्या नळीत आणि बोल्टच्या आत ते शिल्लक असते. फैरींनी तापले की चिकट होते आणि पुंगळी धरून ठेवते. बोल्टच्या आतले ग्रीस त्याहून घातक. फायरिंग पिन पुढे आलेल्या अवस्थेत चिकटली तर बोल्ट बंद होताक्षणी आपोआप फैर झडते. म्हणून पहिल्या फैरीआधी बोल्ट पूर्ण उघडून धुवायचा, आणि हलवल्यावर पिन आत खुळखुळते ना, ते कानाने ऐकायचे. युगोस्लाव्ह बनावटीच्या एम-५९/६६ ला रायफल ग्रेनेड डागण्यासाठी वायू बंद करण्याची झडप असते. ती ग्रेनेडच्या स्थितीत राहिली तर प्रत्येक फैरीनंतर बोल्ट हाताने ओढावा लागतो, आणि झडप झिजली असेल तर वायू गळून फेरा अर्धवट राहतो. मूळचे दहा काडतुसांचे बांधील मॅगझिन काढून कुणी बाजारातले सुटे मॅगझिन बसवले असेल, तर आधी मूळचे परत लावावे.

वापरलेल्या एआर-१५ मध्ये खरी शंका आधीच्या मालकाच्या हौसेची घ्यायची. बफर, स्प्रिंग, वायूची नळी आणि ठोकळा यांची जोडी कुणी कशी जमवली, हे रायफलीकडे पाहून कळत नाही. सुट्या बफरांचे वजन साधारण ३ औंसांपासून ५.४ औंसांपर्यंत असते, आणि तेवढ्या फरकाने फेऱ्याचा वेग बदलतो. बोल्ट वाहणाऱ्या भागावर दोन स्क्रूंनी बसवलेली गॅस की हलते का, पाहावे. तिचे स्क्रू धातू ठोकून पक्के केलेले असले पाहिजेत. बोल्टवरच्या तीन कड्यांची परीक्षा टेबलावर होते. बोल्ट पुढे ओढून घ्यायचा आणि सगळा संच बोल्टच्या तोंडावर उभा करायचा. वरचा भाग स्वतःच्या वजनाने खाली घसरला तर कडी बदलायची, तसाच उभा राहिला तर ती ठीक आहेत. नळीवर वायूच्या ठोकळ्याबाहेर काजळीचा पट्टा उमटला असेल, तर वायू तिथून गळतो आहे किंवा ठोकळा भोकावर नीट बसलेला नाही.

.२२ च्या रायफलींचा मुख्य शत्रू घाण. गोळीवरचे मेण, शिसे आणि काजळी यांचा थर चेंबरच्या तोंडाशी साचतो. या रायफली बोल्टच्या वजनावर चालतात, त्यामुळे मंद वेगाची काडतुसे घातली की फेरा अपुरा पडतो. सेकंदाला १,२०० फुटांहून अधिक वेगाची काडतुसे लावून पाहावीत. जुन्या रायफलींत एक छुपा दोष असतो. रिकामी रायफल झाडण्याच्या सवयीने फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटून तिथे खळगा पाडते. पुंगळीचे पितळ त्या खळग्यात फुगते आणि अडकते. सगळ्या पुंगळ्यांच्या कडेशी एकाच जागी फुगवटा दिसला, तर हेच.

आपल्याकडचा धागा

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि २०१६ चे शस्त्र नियम यांमुळे अशा रायफली सामान्य परवानाधारकाच्या हाती सहसा येत नाहीत. पण सैन्य आणि पोलीस दलांत अनेक पिढ्या ७.६२ च्या एसएलआरवर तयार झाल्या, आणि वायूच्या प्रश्नाचे सगळ्यांत स्वच्छ उत्तर याच रायफलीत आहे. तिचा रेग्युलेटर जास्तीचा वायू बाहेर सोडतो. तो पुरता उघडा ठेवून मॅगझिनमध्ये एकेक काडतूस भरत फैर झाडायची आणि दर वेळी एक खाच बंद करत जायचे. बोल्ट मागे थांबू लागला की आणखी दोन खाचा बंद करायच्या. त्या दोन खाचा धूळ, थंडी आणि घाणीसाठी राखीव. म्हणजे रायफलीला लागतो तेवढाच जोर, वर थोडी शिल्लक.

तिची जागा घेणारी ५.५६ ची इन्सास पुण्याच्या पाषाणमधल्या आयुध संशोधन आणि विकास संस्थेत आखली गेली. काडतुसे वरणगाव आणि खडकीच्या कारखान्यांतही बनत आली. कारगिलच्या थंडीत तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनांना तडे जात असल्याच्या तक्रारी आल्या. धुळीच्या चाचणीत दिसले तेच हिमालयातही दिसले: अडकण्याचा शोध मॅगझिनपासून सुरू करावा.

दुरुस्ती झाली, हे कशावरून?

या सगळ्या चर्चेत एक प्रश्न हमखास राहून जातो. भाग बदलला, दहा फैरी नीट गेल्या, मालक खूश. पण वीस फैरींत एकदा अडकणारी रायफल काहीही न करता सलग दहा फैरी नीट झाडण्याची शक्यता सुमारे ६० टक्के असते. म्हणजे ती दहा फैरींची प्रचीती नाण्याच्या छापा-काट्याहून फार बरी नाही. साठ फैरी सलग नीट गेल्या तर मात्र दोष कायम असण्याची शंका क्षीण होते, कारण सदोष रायफलीला ते शंभरात पाच वेळाही साधत नाही. ढोबळ नियम असा, की दोष जितक्या फैरींत एकदा दिसायचा, त्याच्या तिप्पट फैरी स्वच्छ जायला हव्यात.

हा हिशेब करायचा तर आधीची नोंद हवी: किती फैरींत किती वेळा, कोणत्या मॅगझिनने, कोणत्या काडतुसाने, कोणत्या टप्प्यावर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तेल, स्प्रिंग आणि बफर एकदम बदलून रायफल सुधारली तरी कशाने सुधारली हे कळत नाही, आणि दोष परतला की तपास पुन्हा पहिल्यापासून. साफसफाई, मॅगझिन, चांगली काडतुसे, एक्स्ट्रॅक्टर आणि त्याची स्प्रिंग, मग वायूचा मार्ग, या क्रमाने गेले तर खर्चही चढत्या क्रमाने होतो आणि बहुतेक रायफली पहिल्या तीन पायऱ्यांतच मार्गी लागतात. चेंबर घासून गुळगुळीत करणे, वायूचे भोक मोठे करणे, स्प्रिंगची वेटोळी कापणे ही कामे घरी करू नयेत. काढलेला धातू परत लावता येत नाही.

एवढे करून दोष उरलाच, तर कारागिराकडे जावे. जाताना नोंदीचा कागद, अडकलेल्या फैरींच्या पुंगळ्या आणि क्रमांक घातलेली मॅगझिने सोबत न्यावीत. त्याचा पहिला तास वाचतो, आणि आपली तेवढी मजुरी.